व्हॉल्व्ह गाइड बनवणाऱ्याच्या मुलाने मेकॅनिकल घ्यावं का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. इंजिनाचे पार्ट, मुख्यतः व्हॉल्व्ह गाइड आणि थोडे शाफ्ट, जॉब वर्कवर करून देतो. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिकलचं आता काही खरं नाही, डिग्रीला कॉम्प्युटरला घाला. त्याला मात्र गाड्यांचंच वेड आहे. काय करावं?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत, मुलाच्या डिग्रीचा आणि वर्कशॉपचा. काळजी खरी आहे, पण ती जास्त वर्कशॉपला लागू होते.

विजेवरच्या गाडीत इंजिनच नसतं, त्यामुळे व्हॉल्व्ह गाइड लागतच नाही. पिस्टन, कॅमशाफ्ट, इंजेक्टर, सायलेन्सर यांचीही तीच गत. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, बॉडी मात्र कुठे जात नाहीत. कूलिंगचं काम तर वाढतं, कारण बॅटरीला फार ताप सोसत नाही आणि फार थंडीही. गिअरचंच बघा. मोटर मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेते. तो वेग चाकांसाठी उतरवणारे गिअर फार बारीक टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात अगदी किंचितच फरक चालेल असे, ग्राइंड करावे लागतात, कारण आवाज झाकायला इंजिनच नसतं आणि गिअरची शिट्टी थेट केबिनमध्ये ऐकू येते. हे काम मेकॅनिकलवाल्याचंच आहे.

शिवाय बदल सगळीकडे एका वेगाने होत नाही. 2024-25 मध्ये देशात विकलेल्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त विजेवरच्या होत्या, दुचाकींत शंभरात साधारण सहा आणि कारमध्ये जेमतेम तीन. बजाजने 2024 मध्ये सीएनजीवर चालणारी मोटरसायकल बाजारात आणली, म्हणजे इंजिनावर अजून पैसा लागतोय. विजेच्या वाटेतही खड्डे आहेत. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांची निर्यात आवळली आणि मोटरसाठी चुंबक मिळवताना इथल्या कंपन्यांची धावपळ झाली.

आता मुलाचं. गाडीत सॉफ्टवेअर वाढतंय, हे सांगणारे चुकीचे नाहीत. 2020 च्या बीएस-6 या प्रदूषण नियमांनंतर साध्या मोटरसायकलचं इंजिनही सेन्सर आणि ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, चालायला लागलं. पण त्यासाठी कॉम्प्युटरपेक्षा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन जवळचं. त्याला सर्किटमध्ये खरंच गोडी असेल, तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेताना शाखा बदलण्याचा विचार करा. गणित कच्चं असेल तर पहिली दोन सेमिस्टर जड जातील, हे धरून चाला. नाहीतर मेकॅनिकल किंवा मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) घेऊ द्या, आणि सोबत एम्बेडेड सी (यंत्रातल्या चिपसाठीचं प्रोग्रॅमिंग), कॅन प्रोटोकॉल (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती पद्धत), बॅटरी मॅनेजमेंट हे शिकू द्या. नुसत्या मेकॅनिकल डिग्रीवर चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांच्या गेटवर चांगली नोकरी मिळण्याचे दिवस मागे पडत चाललेत, हेही स्पष्टच सांगते.

कॉलेज बघताना इमारतीपेक्षा एक गोष्ट विचारा, त्यांची टीम बाजा या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या गाडी बांधण्याच्या स्पर्धेत उतरते का? त्यात इलेक्ट्रिक गाड्यांचाही गट असतो. मुलांनी स्वतः गाडी बांधून चालवलेली असते, आणि मुलाखत घेणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळतं. कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचे छोटे कोर्सही पाहून ठेवा. डिप्लोमानंतर एक वर्ष अप्रेंटिस म्हणून काढायची त्याची तयारी असेल तर अडवू नका. नातेवाईक 'वर्ष वाया गेलं' म्हणतील, म्हणू द्यात.

आणि वर्कशॉप. फक्त व्हॉल्व्ह गाइडच्या भरवशावर कर्ज काढून नवं मशीन घेऊ नका. शाफ्टचं काम तुम्ही करताच, तेव्हा मोटर शाफ्टची चौकशी तुमच्याच पार्टीकडे करा. ड्रॉइंग मिळालं तर मुलाला सोबत बसवून बघा, तुमच्या आताच्या मशीनवर ते टॉलरन्स धरतंय का.