पोह्यातला कांदा आणि आमचा शेरू

प्रश्न: आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ राहतो. रविवारी पोहे-जलेबी आली की आमचा ३ वर्षांचा कुत्रा शेरू ताटाशीच येऊन बसतो अन् आजोबा हळूच घास देतात, वरच्या कांदा-शेवेसकट. चालतं का हो? आणि हे मागणं सुटेल कसं?

उत्तर: कांदा अजिबात नको, कच्चा असो की परतलेला, लसूणही तसाच. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि त्रास बरेचदा २-४ दिवसांनी दिसतो म्हणून कोणाला पोह्यांचा संशयच येत नाही. १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम कांदाही बाधू शकतो. हिरड्या फिक्या, लघवी लालसर, कुत्रा सुस्त, असं दिसलं की लगेच डॉक्टर. जास्त कांदा खाल्लाय कळलं तर लक्षणांची वाट न बघता फोन करा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

मागण्याचं म्हणाल तर शेरूपेक्षा आजोबांनाच ट्रेनिंग द्यावं लागेल! जेवताना त्याला लांब चटईवर बसवा, शांत बसला की तिथेच त्याचा खाऊ द्या, ताटातून कोणीच काही द्यायचं नाही, एकदाही. सुरुवातीला जास्तच भुंकेल, तेव्हा विरघळू नका.