ट्रॅक तिकडे, सायकली इकडे!

प्रश्न : दादा, मी रोज साडेचार किमी सायकलने कंपनीत जातो, आमच्या रोडवर सकाळी शाळेची पोरं, कामवाल्या बायका, दूधवाले सगळे सायकलवर, पण सायकल ट्रॅक झाला तो बायपासजवळच्या रिकाम्या रोडवर! हे ठरवतं कोण आणि कसं?
– एक वाचक

उत्तर : अहो, बऱ्याचदा ट्रॅकची जागा सायकलवाला ठरवतच नाही. रस्ता रुंद आहे, दुसऱ्या कुठल्यातरी कामाचा निधी आलाय, मग त्यातच ट्रॅकही उरकून घ्या, असं होतं. पुण्यात 2006 नंतर बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन ठेवलेल्या रस्त्यांवर ट्रॅक आले ते असेच, रस्ते निवडले बससाठी आणि सायकल आली मागून. शहरभराच्या वेगळ्या सायकल आराखड्याला महापालिकेच्या मुख्य सभेची मंजुरी मिळाली ती थेट डिसेंबर 2017 मध्ये.

खरं तर आधी बघायचं की लोक कुठून कुठे जातात. शाळा, मंडई, स्टेशन, कंपनीचं गेट, आणि त्यातले दोन ते पाच किमीचे प्रवास किती, जे आज बाईकवर होतात पण रस्ता बरा असता तर सायकलवर झाले असते. आत्ता दिसणाऱ्या सायकली तेवढ्या मोजून काम भागत नाही, कारण घाबरून घरी बसलेला माणूस त्या मोजणीत येतच नाही ना! लंडनने 2017 मध्ये असंच केलं, आजच्या सायकलींसोबत उद्या होऊ शकणारे प्रवासही धरले आणि त्यावरून कुठले मार्ग आधी घ्यायचे ते ठरवलं.

दुसरं म्हणजे तुकडे. चौकात संपणारा ट्रॅक माझ्या मते नसल्यातच जमा, कारण धोका असतो तो चौकातच. स्पेनमधल्या सेव्हियाने हे बरोबर ओळखलं, 2006-07 च्या सुमारास साधारण 80 किमीचं एकमेकांना जोडलेलं जाळं जवळपास एकाच दमात बांधलं, त्यासाठी पार्किंगच्या हजारो जागा काढल्या (आपल्याकडे दहा काढल्या तरी दुकानदार रस्त्यावर येतील, असो) आणि दिवसाला पाच-सहा हजारांवर अडकलेल्या सायकल फेऱ्या काही वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास गेल्या.

आता तुमचं काम. शाळा सुटताना आणि शिफ्ट बदलताना गेटवर उभं राहून सायकली मोजा, तीन-चार दिवस तरी, बायका आणि पोरं वेगळी लिहा, अवघड चौकांचे फोटो काढा. मग वॉर्ड ऑफिसात विचारा की हा रस्ता ड्रेनेज नाहीतर डांबरीकरणासाठी कधी उकरणार आहे, कारण तेव्हाच ट्रॅक घातला तर खर्च कमी आणि कुरकुरही कमी. पुण्यासारखं नागरिकांकडून बजेटमध्ये कामं सुचवून घेण्याची सोय तुमच्याकडे असेल तर तिथेही टाका. फक्त फेब्रुवारीत अर्ज घेऊन जाऊ नका, तोवर एप्रिलचं बजेट बहुतेक ठरलेलं असतं, दिवाळीच्या आधीच जा.