बोटीवरच्या नोकरीचे बेचाळीस हजार

सत्तरी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही, मजकूर थोडक्यात देते.

"मॅडम, मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून दोन वर्षं कांदोळीला एका हॉटेलात वेटर आहे. पावसात हॉटेलाने घरी बसवलं. इन्स्टाग्रामवर क्रूझच्या नोकरीची जाहिरात बघून त्याने फॉर्म भरला. व्हॉट्सॲपवर इंटरव्ह्यू झाला, आठ दिवसांत ऑफर लेटर आलं. मेडिकल आणि कागदपत्रांचे १८,५०० भरले. आता व्हिसा आणि सीडीसीचे ४२,००० शुक्रवारपर्यंत मागतात, त्यातले ३०,००० पहिल्या पगाराबरोबर परत देणार म्हणतात. काजूचे पैसे संपले. बायकोच्या बांगड्या सोसायटीत ठेवायचा विचार आहे. थोडेफार द्यावे लागतात हे मान्य, पण एवढे? वाड्यावर सगळ्यांना सांगून झालं आहे. चवथीआधी पोरगा बोटीवर जाणार म्हणून. भरू का?"

भरू नका.

पत्राखाली नंबर होता म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन करून दोनच गोष्टी सांगितल्या: पैसे पाठवू नका आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. बाकीचं आता सविस्तर लिहिते. गेल्या काही महिन्यांत अशी पत्रं डिचोलीहून आली, पेडण्याहून आली, फोंड्याहूनही आली. फक्त रक्कम बदलते.

तुम्ही ऑफर लेटरची झेरॉक्स जोडली होती. कागद देखणा आहे. वर जहाजाचं चित्र, खाली शिक्का, आणि असिस्टंट वेटरच्या नेमणुकीवर सही चक्क कॅप्टनची. जहाजाच्या कप्तानाला तेवढंच काम असतं की काय! पण सही सोडा. चित्र, शिक्का, सही हे सगळं मोबाइलवर अर्ध्या तासात तयार होतं. मी बघते ते पैशाच्या ओळी.

पहिली ओळ मेडिकलची. तुमच्या मुलाचं रक्त कुणी काढलं का? छातीचा एक्स-रे? नाही. बोटीवर जाणाऱ्याची तपासणी डीजी शिपिंगने (जहाजांचा कारभार बघणारं केंद्र सरकारचं कार्यालय) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच व्हावी लागते. माणूस स्वतः तिथं जातो, डॉक्टरला पैसे देतो, पावती आणि सर्टिफिकेट घेऊन घरी येतो. तुम्ही डॉक्टर न बघता डॉक्टरची फी भरलीत.

दुसरी ओळ सीडीसीची. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. ते सरकार देतं, कंपनी नाही. आधी मान्यताप्राप्त संस्थेत सुरक्षेचे छोटे कोर्स करायचे (पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार वगैरे, मुलं त्यांना एकत्र 'एसटीसीडब्ल्यू' म्हणतात), मग डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. तुमच्या मुलाने यातला एकही कोर्स केलेला नाही. पोहायला न शिकलेल्याला कुणी 'पैसे द्या, स्पर्धेचं मेडल आणून देतो' म्हणावं, तसं हे झालं.

तिसरी ओळ व्हिसाची, आणि इथं तर चोराने स्वतःच दिवा लावून ठेवला आहे. समुद्री कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात साफ लिहिलं आहे की नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. मेडिकल, ओळखपुस्तक आणि पासपोर्ट एवढा खर्च त्याचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. म्हणजे व्हिसासाठी पैसे मागणारा माणूस एक तर कायदा मोडतोय, नाही तर त्याच्याकडे जहाजच नाही. तुमच्या बाबतीत दुसरी शक्यताच खरी, असं मला वाटतं.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. त्या खोट्या लेटरहेडपेक्षा ते मला जास्त टोचलं. "थोडेफार द्यावे लागतात हे मान्य." कुणी मान्य करायला लावलं हो? राग मानू नका, हा प्रश्न तुम्हाला एकट्याला नाही. 'दुडू दिल्याबगर काम जायना' (पैसे दिल्याशिवाय काम होत नाही) हे आपल्याकडे चहा पिता पिता म्हटलं जातं. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकऱ्या लावतो म्हणून लाखो रुपये उकळणाऱ्यांना गोव्यात एकामागून एक अटक झाली, तेव्हा सगळे हळहळले. पण माझ्याकडे आलेल्या एका आईने विचारलं, "मग खरा माणूस कोण, तो कुठं भेटेल?" तिला फसवणुकीचं वाईट वाटलं नव्हतं, चुकीच्या माणसाला पैसे दिल्याचं वाटलं होतं. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा आता संगणकावर होते हे सांगितलं, तरी तिचा चेहरा काही बदलला नाही.

ऑनलाइन ठगाला हीच जमीन आयती मिळते. पैसे द्यावे लागतात हे त्याला पटवून द्यावं लागत नाही, ते आपण घरीच पटवून घेतलेलं असतं. त्याला फक्त आकडा ठरवायचा असतो. वर 'तीस हजार परत मिळणार' ही गोळी. परत मिळणाऱ्या पैशाला माणूस खर्च समजत नाही, म्हणून बांगड्या निघतात.

मी हे वरच्या पाटावर बसून सांगत नाही. १९९६ साली माझ्या मोठ्या भावाने आखातात जायला एका एजंटाला पासपोर्ट आणि आईची मोहनमाळ विकून आलेले पैसे दिले होते. तेव्हा इंटरनेट नव्हतं. एजंटाचं ऑफिस होतं, पाटी होती, पंखा होता. चौथ्या महिन्यात पाटी होती, माणूस नव्हता. पासपोर्टही गेला तो गेलाच. त्यामुळे 'प्रत्यक्ष भेटून आलो' याचंही मला फारसं कौतुक वाटत नाही.

मग खरं कसं ओळखायचं? बोटीवर भरती करणाऱ्या भारतातल्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचं लायसन्स लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. लायसन्सवाल्या एजन्सींची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. तुमच्या लेटरवरही एक आरपीएसएल नंबर आहे, आणि तो खरा आहे! मुंबईतल्या एका भल्या एजन्सीचा नंबर उचलून इथं छापला आहे. म्हणून नंबर जुळला की हुरळून जायचं नाही. सरकारी यादीत त्या एजन्सीचा जो फोन दिला आहे, त्यावर फोन करून विचारायचं, 'असं लेटर तुम्ही दिलंय का?' लेटरवरच्या नंबरला फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच 'बाबा, तू चोर आहेस का' विचारणं. मी त्या एजन्सीला फोन केला. पलीकडच्या बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या, असे फोन आम्हाला रोज येतात.

जमिनीवरच्या परदेशी नोकरीचं थोडं वेगळं आहे. तिथं नोंदणीकृत एजंटाला फी घेता येते, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, तीही पावती देऊन. एजंट खरा की खोटा हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कळतं. मुलाच्या मित्रांपैकी कुणी बँकॉकला 'कस्टमर सपोर्ट'च्या किंवा 'डिजिटल मार्केटिंग'च्या नोकरीला टुरिस्ट म्हणून निघाला असेल, तर त्याला आजच थांबवा. अशा मुलांना थायलंडहून सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डीला नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि दुसऱ्यांना ऑनलाइन फसवायच्या कामाला जुंपतात. २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने तिथून पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. फसवणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला पोरगाही कधीकधी फसलेलाच असतो, हे मला त्या बातम्यांनंतर कळलं.

घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या, हा प्रकार तर सगळ्यांना माहीत झाला आहे: पहिल्या दिवशी दीडशे रुपये देतात, चौथ्या दिवशी 'प्रीपेड टास्क' म्हणून पाच हजार घेतात. डेटा एंट्रीवाले चलाख आहेत. ते आधी करार करून घेतात, मग 'तुमचं काम चुकलं' म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात आणि दंड मागतात. तशी नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नका, ती घेऊन पोलीस स्टेशनला जा.

आता १८,५०० चं. १९३० ला फोन करून तक्रारीचा नंबर घेतलात ना? सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही ती तक्रार नोंदवता येते. ज्या खात्यावर पैसे गेले ते खातं लवकर गोठवलं तर त्यात काही उरलेलं मिळू शकतं. तीन आठवडे झालेत, तेव्हा फार आशा धरू नका, पण तक्रार ठेवाच. आपल्या बँकेलाही लेखी कळवा. आणि एक गोष्ट हमखास घडते: महिनाभरात कुणीतरी फोन करेल, 'तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, प्रोसेसिंगचे दोन हजार भरा.' तोही त्यातलाच. फसलेल्यांचे नंबर त्यांच्यात विकले जातात.

पैशापेक्षा मला काळजी कागदांची वाटते. मुलाने आधार, पॅन, पासपोर्ट, सगळ्यांचे फोटो पाठवले आहेत. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर त्याच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो दोन-तीन महिन्यांनी काढा, त्याच्या नावावर कुणी कर्ज उचललं असेल तर तिथं दिसेल. आणि 'पगारासाठी नवीन खातं उघडून एटीएम कार्ड आमच्याकडे पाठव' असं ते म्हणाले होते का, हे त्याला आजच विचारा. अशा खात्यातून दुसऱ्या कुणाचे चोरीचे पैसे फिरतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

राहिला तुमचा पोरगा. तुम्ही लिहिलंय, तो तुमच्यावर चिडला आहे, 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणतो. म्हणू द्या. बावीस वर्षांच्या पोराने वाड्यावर पेढे वाटल्यानंतर 'मी फसलो' म्हणणं सोपं नाही. त्याला 'सांगत होतो ना' म्हणू नका. तुम्ही सांगत नव्हता, तुम्हीही १८,५०० दिलेच. शेजाऱ्यांनी विचारलं तर 'कागदपत्रं चालू आहेत' असं गोल बोलू नका, कंपनी खोटी निघाली म्हणून सरळ सांगा. त्याच जाहिरातीवर वाड्यावरच्या आणखी दोन मुलांनी फॉर्म भरलेला असायची शक्यता बरीच आहे.

आणि बोटीवर जायची त्याची इच्छा चुकीची नाही. गोव्यातून पिढ्यान् पिढ्या माणसं बोटीवर गेली, त्यावर घरं उभी राहिली. दोन वर्षांचा वेटरचा अनुभव त्याच्या कामाचाच आहे. ऑक्टोबरला सीझन सुरू झाला की शक्य असेल तर मोठ्या, तारांकित हॉटेलात लागावं, इंग्रजी बोलायची सवय वाढवावी. सुरक्षेचे कोर्स गोव्यातच करता येतात, त्याला मुंबई गाठायची गरज नाही. मग सीडीसी, मग लायसन्सवाल्या एजन्सीचा समोरासमोर किंवा व्हिडिओवर इंटरव्ह्यू. वर्ष-दीड वर्ष जाईल. आठ दिवसांत होणारं हे काम नाही, ते त्या लेटरवाल्यांनाही माहीत होतं.

बुधवारी दुपारी मी डिचोलीला असते. पुढचं पत्र लिहू नका, मुलालाच पाठवा. तो चॅट रागाने पुसून टाकायच्या आत फोन घेऊन यायला सांगा, आणि बांगड्या सोसायटीत गेल्या असतील तर येता येता त्या सोडवून आणायला.