‘मामा, याचे मार्क आहेत का?’

*ताई, माझी मुलगी सहा वर्षं दोन महिन्यांची आहे. तीन वर्षांची असल्यापासून दुकानांच्या पाट्या वाचते. चार वर्षं आठ महिन्यांची असताना इथे सांगलीत तिची बिने-कामत चाचणी केली, बुद्ध्यांक १३८ आला. सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं. गेल्या महिन्यात पुण्यात मलिनची चाचणी केली, तर १२१ (भाषिक १३३, कृती १०९ असं लिहिलंय). सतरा गुण गेले कुठे? यातला खरा आकडा कुठला? यांचं म्हणणं, मुंबईत तिसरी चाचणी करून एकदाचा सोक्षमोक्ष लावू. मी पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे. लेक हुशार आहे यात शंका नाही. परवा माझ्या भावाने ठोकळ्यांचं कोडं आणलं, तर डबा उघडायच्या आधीच विचारते, ‘मामा, याचे मार्क आहेत का?’ आम्ही सगळे हसलो. काय करावं ते सांगा.*
*— एक आई, सांगली*

मला हसू आलं नाही. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते लेकीच्या हुशारीचा दाखला म्हणून लिहिलंय. मला त्यात सहा वर्षांची पोर दिसते, जिच्यासमोर तिच्या मामाने खेळणं ठेवलंय आणि ती झाकणावर हात ठेवून बसली आहे. उघडण्याआधी तिला खात्री करून घ्यायची आहे की इथे चुकलं तर चालतं.

हे ती कुठे शिकली, ते तुम्हाला ठाऊक आहे. ठोकळे पुढे आले की कुणीतरी घड्याळ लावतं, कागदावर काहीतरी टिपून घेतं, आणि मग घरी मोठी माणसं कुजबुजतात. पहिल्या खेपेला आजी खूश झाली, दुसऱ्या खेपेला सगळे गप्प झाले. तिला १२१ म्हणजे काय ते कळत नसेल. तुमचा चेहरा मात्र कळतो.

आता ते सतरा गुण. दोन वेगळ्या तराजूंवरची वजनं तुम्ही एकमेकांतून वजा करताय. बिने-कामत मानसिक वय काढते. तुमची लेक तेव्हा ५६ महिन्यांची होती आणि तिची उत्तरं साधारण ७७ महिन्यांच्या मुलासारखी आली. ७७ला ५६ने भागा, शंभराने गुणा, झाले १३८. कामतांनी ही चाचणी १९३०च्या दशकात धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. कुठल्या वयाला काय यायला हवं, याचे निकष इतके जुने असले की आजची मुलं त्यांवर सहसा वरचढ दिसतात. त्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा आकडा मुळात हलता. त्या दिवशी झोप झाली होती का, समोरच्या बाई आवडल्या का, यानेही तो वरखाली होतो.

नागपूरच्या डॉ. मलिन यांनी अमेरिकी चाचणीवरून भारतीय मुलांसाठी केलेली चाचणी वेगळी. तिचे दोन भाग असतात, भाषिक आणि कृती. १२१ ही १३३ आणि १०९ यांची नुसती सरासरी आहे. म्हणजे तुम्ही जे कंसात टाकलंत, तेच खरं वाचण्यासारखं होतं. शब्द आणि विचार यांत ही मुलगी फार पुढे आहे; ठोकळ्यांची नक्षी, चित्राचे तुकडे, चिन्हं भरणं यांत तिच्या वयाच्या मुलांसारखी. या दुसऱ्या भागात बरंचसं काम घड्याळावर चालतं. चुकू नये म्हणून जपून जपून करणारं मूल तिथे हमखास मागे पडतं. तिचं तसंच झालं, असं मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही. पण मामाने आणलेल्या खेळण्याचे मार्क विचारणारी मुलगी घड्याळासमोर कशी बसली असेल, याचा विचार तुम्ही करायला हवा होता.

ज्याच्या नावाची ती पहिली चाचणी, त्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेने १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे ओळखायला. तुम्ही ज्या ‘खऱ्या आकड्या’च्या मागे आहात, बुद्धीचा तसा एक कायमचा आकडा असतो हे त्याने स्वतः कधी मानलं नाही. तुमच्या पत्रात मला मदत हा शब्दच सापडला नाही. शाळेत ती कंटाळते का, वाचायला पुस्तकं पुरतात का, मैत्रिणी आहेत का, यातलं एक अक्षर नाही. तिसऱ्या चाचणीतून काय ठरवायचंय, तेही नाही. पाचवीत ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळेत घालायचं मनात असेल, तर तिथली प्रवेश परीक्षा तिथे आणि तेव्हा होईल.

आणि मुंबईच्या आकड्यावर तर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवीन. दोन महिन्यांत तीच ठोकळ्यांची नक्षी, तशाच आकड्यांच्या रांगा. आता तो प्रकार तिच्या ओळखीचा झालाय. समजा १३५ आला, सासूबाईंना सांगाल. ११८ आला तर? चौथी चाचणी कुठे, नागपूरला?

सासूबाईंनी गावभर केलं, यांचं म्हणणं असं आहे, हे सगळं वाचलं. पण शनिवारची वेळ तुम्ही घेतलीत. ती तुम्हीच रद्द करायची. आज, हे वाचून झाल्याबरोबर फोन उचला. यांना नंतर सांगा. दोन्ही अहवाल कपाटात साड्यांच्या खाली जाऊ देत.

मग तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या, कारण तुमच्या हसण्यात ते राहूनच गेलंय. ‘नाही गं, याचे मार्क नाहीत,’ एवढंच म्हणा आणि डबा घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसा. तुम्हीही लावायला घ्या. तुमचं चुकेल, चुकू द्या, तिला दिसू द्या. ‘शाब्बास’ नको, ‘किती पटकन!’ तर नकोच नको. जेवायची वेळ झाली आणि कोडं अर्धंच राहिलं, तर उचलून ठेवू नका. रात्रभर तिथेच पसरलेलं असू दे. झाडू मारणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवा.