आधी फांद्या, मग पानं

मॉडेलसाठी छोटं झाड करताना पानांची घाई करू नकोस, झाड फांद्यांतूनच उभं राहतं. १:८७ प्रमाणात (म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) १५ मीटरचं झाड साधारण १७ सेंटिमीटर भरतं. जुन्या वायरमधल्या तांब्याच्या वीसेक तारा घे. पीळ देऊन खोड कर, वर दोन-दोन तारा फोडत फांद्या काढ. बुंध्याशी टोकं पसरलीस की मुळं झाली. फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून साल चढव, रात्रभर वाळू दे. पानांसाठी स्पंजचे तुकडे पाण्यासकट मिक्सरमधून काढ (चटणीचं भांडं अजिबात वापरू नकोस), पिळून रंगव, वाळव, मग फांद्यांवर चिकटव. खाली गडद हिरवा, वर फिकट. आंब्याच्या शेंड्यांना थोडी तांबूस पालवी दे, लगेच ओळखू येतो. आणि मधे फटी सोड, पलीकडचं आभाळ दिसलं पाहिजे.