प्रमाण : कशाच्या मानाने?

एका वाचकांनी विचारले आहे की, मुलाच्या गणिताच्या पुस्तकात ‘गुणोत्तर व प्रमाण’ हे प्रकरण आहे, त्याचे चित्रकलेचे शिक्षक ‘चेहऱ्याचे प्रमाण चुकले’ असे म्हणतात, आणि वर्तमानपत्रात ‘पावसाचे प्रमाण घटले’, ‘निधीचे समप्रमाणात वाटप करा’ अशी वाक्ये येतात. तर या सर्व ठिकाणी ‘प्रमाण’ हा एकच शब्द आहे, की एकाच रूपाचे तीन-चार वेगळे शब्द आहेत? शब्द एकच आहे, असे माझे उत्तर आहे. मात्र प्रत्येक व्यवहारात त्याची एक बाजू उघडी राहते आणि दुसरी झाकली जाते, त्यामुळे गोंधळ होतो.

‘प्रमाण’ हा शब्द संस्कृतातील ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून तयार झाला आहे. मान, माप, परिमाण, अनुमान, उपमान ही सगळी त्याच घरातली मंडळी. ज्याने मोजायचे ते प्रमाण, हा मूळ अर्थ. ज्ञान ज्याच्या आधारे तपासून घ्यायचे त्या साधनालाही न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन दर्शनाने, प्रमाण म्हटले आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली. प्रमाणपत्र, प्रमाणवेळ, प्रमाणभाषा हे शब्द याच वाटेने आले आहेत. त्यांच्यात पुरावा किंवा इतरांनी जुळवून घ्यावे असे माप हा अर्थ आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाशी त्यांचा संबंध एवढाच.

गणिताकडे वळू. दोन सजातीय राशींची भागाकाराने केलेली तुलना म्हणजे गुणोत्तर. ३ : ४ हे एक गुणोत्तर झाले. दोन गुणोत्तरे समान असली, म्हणजे ३ : ४ आणि ९ : १२ यांच्यासारखी, की त्या चार संख्या प्रमाणात आहेत असे म्हणतात. म्हणजे आजच्या शालेय परिभाषेत प्रमाण हे दोन गुणोत्तरांच्या समानतेचे नाव आहे. जुन्या भारतीय गणितात मात्र तसे नव्हते, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात त्रैराशिकाची रीत सांगितली आहे आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त ती पुन्हा दिली आहे. तिच्यात प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी असतात. ५ किलो हरभऱ्याचे ३५० रुपये होतात, तर ८ किलोचे किती, या उदाहरणात ५ किलो हे प्रमाण, ३५० रुपये हे त्याचे फल आणि ८ किलो ही इच्छा. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की ५६० रुपये हे इच्छाफल मिळते. इथे प्रमाण म्हणजे समानता नसून आधीपासून ठाऊक असलेली, जिच्यावरून पुढचे मोजायचे ती राशी आहे.

हा जुना अर्थ पोथीतच राहिला असे कोणी समजू नये. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा हिशेब करताना ‘क्विंटलला अमुक रुपयांप्रमाणे इतक्या पोत्यांचे इतके झाले’ असे म्हणतात, तेव्हा त्या ‘प्रमाणे’मध्ये त्रैराशिकातले प्रमाण जसेच्या तसे उभे असते : एकाचा ठरलेला दर आणि त्यावरून अनेकांची किंमत. ‘सांगितल्याप्रमाणे’, ‘नेहमीप्रमाणे’ यांतही आधीचे एक ठाऊक माप आणि त्याला धरून आताची कृती, हाच क्रम आहे. गुणोत्तरासाठीही आपल्या बोलीत शब्द शोधावा लागत नाही. गवंडी ‘एकास सहाचा माल कालव’ म्हणतो आणि सिमेंट-वाळूचे १ : ६ हे गुणोत्तर एका ‘स’ प्रत्ययात सांगून मोकळा होतो. जाता जाता नोंदवतो की, १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून गणित शिकलेल्या मराठवाड्यातल्या पिढीला गुणोत्तर ‘निस्बत’ म्हणून आणि प्रमाण ‘तनासुब’ म्हणून भेटले. हे दोन्ही शब्दही एकाच अरबी धातूचे आणि त्यांचा अर्थही संबंध दाखवणारा.

आता रोजच्या भाषेतील प्रमाण. ‘पावसाचे प्रमाण घटले’ या वाक्यात एकच राशी दिसते, दुसरी दिसत नाही; पण ती असते. किती मिलिमीटर पाऊस पडला एवढेच सांगायचे असते तर ‘घटले’ म्हणण्याला अर्थच उरला नसता. मागे सरासरी उभी आहे, तिच्याशी तुलना आहे, म्हणून हे वाक्य योग्य आहे. याउलट ‘कार्यक्रमाला मोठ्या प्रमाणात लोक आले’ या वाक्यामागे काहीही उभे नाही. पुष्कळ लोक आले, एवढेच म्हणायचे असते. ‘मोठ्या प्रमाणावर’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्याला अशुद्ध ठरवण्यात हशील नाही, पण लिहिताना ‘कशाच्या प्रमाणात?’ असे स्वतःला विचारावे आणि उत्तर नसेल तर ‘पुष्कळ’, ‘भरपूर’, ‘फार’ यांपैकी एखादा शब्द घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

दोन गोष्टींचा परस्परसंबंध सांगायचा असतो, तेव्हा बोलणारा मराठी माणूस बहुधा ‘प्रमाण’ हे नाम वापरतच नाही. तो ‘च्या मानाने’ म्हणतो. वयाच्या मानाने पोर समजूतदार आहे. खर्चाच्या मानाने उतारा आला नाही. उन्हाच्या मानाने विहिरीला पाणी टिकले. ‘च्या’च्या आधी दुसरी राशी आल्याशिवाय हे वाक्य सुरूच होत नाही, हा या रचनेचा मोठा गुण आहे. असाच दुसरा शब्द आणेवारी. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदाचे पीक त्यापैकी किती आणे, हे ठरवण्याची ही पद्धत. आणे गेल्यावर ती कागदोपत्री पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या आत की बाहेर यावर बीड-धाराशिवच्या शेतकऱ्याचे लक्ष लागलेले असते. गणिती अर्थाने ही शुद्ध प्रमाणाची कल्पना आहे, आणि ज्याने शाळेत ते प्रकरण कधी उघडले नाही त्यालाही ती पाठ आहे.

चित्र-शिल्पातील प्रमाण याहून थोडे गुंतागुंतीचे आहे. ‘कामसूत्रा’वर यशोधर या टीकाकाराने लिहिलेल्या ‘जयमंगला’ टीकेतील प्रसिद्ध श्लोकात चित्राची सहा अंगे दिली आहेत, त्यांतले दुसरे ‘प्रमाणानि’ असे अनेकवचनात आहे. हे अनेकवचन सार्थ आहे, कारण चित्रात एक प्रमाण पाळून भागत नाही. मूर्तिशास्त्रात चेहऱ्याच्या लांबीला ताल म्हणतात आणि तालाचे १२ अंगुळे धरतात. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची, दशताल १२० अंगुळांची. हे अंगुळ शिल्पकाराच्या बोटाचे असण्याची गरज नसते, मूर्तीच्याच उंचीचे भाग पाडून ते ठरवता येते. त्यामुळे देवघरातली वीतभर मूर्ती आणि कातळात कोरलेली अजस्र मूर्ती यांची लांबी कितीही वेगळी असली तरी प्रमाण एकच राहू शकते. चित्रकलेचे शिक्षक ‘प्रमाण चुकले’ म्हणतात ते याच अर्थाने. नाक किती सेंटिमीटर काढले हे ते पाहत नाहीत, चेहऱ्याच्या मानाने किती हे पाहतात.

पण अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन आलेला बुद्ध आणि त्याच्यासमोर पत्नी यशोधरा व मुलगा राहुल हे चित्र पाहिले, तर तिथे बुद्ध अतिभव्य आहे आणि माय-लेक त्याच्यापुढे अगदी लहान आहेत. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाच्या हिशेबाने हे प्रमाण सोडून आहे. तरीही प्रत्येक आकृती स्वतःपुरती बांधेसूद आहे. आकृती-आकृतीतले प्रमाण तेवढे देहाच्या उंचीवरून न ठरवता योग्यतेवरून ठरवलेले आहे. याला चूक म्हणता येत नाही, कारण मोजायचे माप चित्रकाराने जाणूनबुजून बदलले आहे. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा ताजमहालाशेजारी मनात ठेवला तर उलट बाजू कळते. घुमट, कमानी, चार कोपऱ्यांना चार मिनार, सगळे घटक तेच. परंतु मकबऱ्यात मुख्य इमारतीच्या मानाने मिनार भारी वाटतात आणि इमारत त्यांच्यात दाटल्यासारखी दिसते. घटक तेच ठेवून प्रमाण बदलले की वास्तूचा डौल कसा बदलतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठवाड्यात दुसरे नाही.

राहिला ‘समप्रमाणात वाटप’. गणितात दोन राशी समप्रमाणात असणे म्हणजे एक ज्या पटीने वाढते त्याच पटीने दुसरी वाढणे. वर्तमानपत्रात मात्र तोच शब्द ‘सर्वांना सारखे’ या अर्थाने लिहिला जातो. निधी समप्रमाणात वाटा, असे म्हटल्यावर हिंगोलीला नांदेडएवढाच द्यायचा, की लोकसंख्येच्या मानाने कमी? दोन्ही अर्थ निघतात, आणि रकमेत फार मोठा फरक पडतो. म्हणून सारखे वाटायचे असेल तर ‘समान वाटप’ म्हणावे, आणि एखाद्या राशीला धरून वाटायचे असेल तर ती राशी सांगून ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’, ‘क्षेत्राच्या प्रमाणात’ असे म्हणावे. ‘समन्यायी’ हा शब्द या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या वादामुळे तो मराठवाड्यात घरोघरी पोहोचला. गोदावरी खोऱ्यातल्या वरच्या धरणांना आणि जायकवाडीला सारखे पाणी, असा त्याचा अर्थ नाही. खोऱ्यात पाण्याची तूट आली तर ती एकट्या खालच्यांच्या वाट्याला न येता सर्वांनी वाटून घ्यावी, असा आहे. तिथे ‘समप्रमाण’ लिहिले तर वाचक सारख्या वाटपाचा अर्थ घेईल आणि मागणीच बदलून जाईल.