वय वाढलं की कुतूहल आटतं का?

पन्नाशी जवळ आली आणि काही नवं करावंसंच वाटत नाही, हे म्हातारपण का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, थराराची भूक आणि कुतूहल या दोन गोष्टींची तुम्ही सरमिसळ करताय.

थराराची भूक वयानुसार उतरते, हे खरंच आहे. मार्व्हिन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये ती मोजणारी प्रश्नावली तयार केली. तेव्हापासून दिसत आलंय की विशीच्या आगेमागे ती टोकाला असते आणि पुढे कमी होत जाते. नव्याची ओढ लावणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं कामही वयाबरोबर मंदावतं. कॉलेजात असताना आम्ही मध्यरात्री सायकली काढून सिंहगड गाठायचो. आता तसं मनातही येत नाही, आणि त्याची मला खंत नाही.

कुतूहल मात्र निवडक होत जातं. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॅस्टेल आणि सहकाऱ्यांच्या 2025 च्या संशोधनात हेच दिसलं. स्वभाव म्हणून चौकसपणा वयाबरोबर थोडा कमी होतो. पण समोर एखादा नेमका प्रश्न आला, की त्याचं उत्तर जाणून घ्यायची ओढ मध्यमवयानंतर उलट वाढते. पुण्यात टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला जाऊन बघा, पुढच्या रांगांत पिकल्या केसांचीच माणसं दिसतील. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेला हा उपक्रम अजून चालू आहे, तो अशाच श्रोत्यांच्या जिवावर.

मी स्वतः निवृत्तीनंतर मोडी शिकलो. आधी आडवी ओळ आखायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, अशी ती लिपी. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. जुन्या जमाखर्चाच्या एका कागदावर तूप, जोंधळे, घोड्याची चंदी एवढं लागायला अख्खी सकाळ जाते. विशीत मी दहा मिनिटांत उठलो असतो. आता जेवायची हाक आली तरी उठवत नाही.

तेव्हा नवा छंद शोधत फिरू नका. लहानपणापासून मनात राहून गेलेला एखादा प्रश्न घ्या आणि त्याच्याच मागे लागा. पण पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींतूनही मन उठलं असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते वयावर ढकलू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना नक्की भेटा.